उचल घेण्याआधीचा हिशेब
बीडचा ऊसतोड कामगार परमुलखातील कामाचे ठिकाण कसे निवडतो?

कोणाच्या कायम नोकरीत न राहता, परमुलखात जाऊन, जेवढे काम तेवढा दाम या बोलीवर राबणाऱ्यांना शहरात ‘मुक्त व्यावसायिक’ म्हणण्याचा प्रघात आता रुळला आहे. संगणक घेऊन परदेशात बसणाऱ्या अशा व्यावसायिकाला राहण्याचा खर्च, कामाची जागा, पैसे वेळेवर मिळण्याची खात्री या गोष्टी पारखून गाव निवडावे लागते. बीड जिल्ह्यातील लाखो कुटुंबे अर्ध्या शतकाहून अधिक काळ याच पद्धतीने, परंतु हातात कोयता घेऊन, घराबाहेर पडत आहेत. त्यांनाही ठिकाण निवडावे लागते. फरक इतकाच, की त्यांना निवड करण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते आणि तीही काम सुरू होण्याच्या तीन-चार महिने आधी. ती निवड चुकली तर सहा महिने राबूनही कुटुंब कर्ज घेऊनच परतते.

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतील वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या-कोंबड्या आणि त्यावर बसलेली माणसे, हे दृश्य मराठवाड्याला नवीन नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांतील हलकी, उतरती जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि खरिपाचे एकच पीक हे या स्थलांतराचे मूळ कारण आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर त्याला मोठा वेग आला. त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांचे जाळे विस्तारत होते. प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. पुढील दोन-तीन दशकांत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत एकामागून एक कारखान्यांची धुरांडी पेटली. ऊस तेथे होता, तोडणारे हात बालाघाटात होते.

कोयता, मुकादम आणि उचल

या व्यवसायातील शब्दांचे अर्थ शहरी वाचकाला सहसा ठाऊक नसतात. ‘कोयता’ म्हणजे केवळ अवजार नव्हे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’ आणि त्याला उचलही निम्मी. मुलगा कमावता झाला की त्याचे लग्न उरकण्याची घाई डोंगरपट्ट्यात का होते, त्याचे एक उत्तर या मोजणीत आहे. अशा आठ-दहा किंवा अधिक कोयत्यांची मिळून एक ‘टोळी’ होते आणि टोळीचा प्रमुख तो ‘मुकादम’.

कारखान्याचा करार होतो तो मुकादमाशी किंवा वाहतूक ठेकेदाराशी. ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या हाती कारखान्याचा कोणताही कागद नसतो. पावसाळ्याच्या तोंडी कारखान्याकडून ठेकेदाराला, ठेकेदाराकडून मुकादमाला आणि मुकादमाकडून मजुराला आगाऊ रक्कम मिळते. तीच ‘उचल’. अलीकडच्या वर्षांत एका कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत उचल दिली जाते. बियाणे-खत, आजारपण, मुलीचे लग्न, जुने देणे असे त्या रकमेचे रस्ते आधीच ठरलेले असतात. पैसा खर्च होतो जून ते ऑगस्टमध्ये, तो फेडायचा असतो नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये.

त्यामुळे ठिकाणाची निवड ही प्रत्यक्षात मुकादमाची निवड असते. उचल हाती पडली की कारखाना, जिल्हा, एवढेच काय, राज्यही मुकादम सांगेल ते. म्हणून जाणती कुटुंबे उचल मोजण्याआधी मुकादमाला चार प्रश्न विचारतात: कोणता कारखाना, कोणता गट, वाहन कोणते, गेल्या वर्षी किती दिवस चालला. ज्याचा हात अडलेला असतो त्याला हे प्रश्न विचारण्याची सवड नसते. अडचणीतील माणूस सर्वांत मोठी उचल देणारा मुकादम धरतो आणि मोठी उचल देऊन माणसे ओढावी लागणारे ठिकाण पुष्कळदा तोडीला अवघड असते.

दर सारखा, कमाई वेगळी

महाराष्ट्रात तोडणीचा दर कारखान्यागणिक ठरत नाही. साखर संघ आणि कामगारांच्या संघटना यांच्यातील कराराने तो राज्यभरासाठी ठरतो. ऑक्टोबर २०२० मध्ये १४ टक्के वाढ मान्य झाली होती. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तीन वर्षांसाठी ३४ टक्के वाढ दिली. त्यामुळे टनामागे २७३ रुपये असलेली तोडणीची मजुरी ३६६ रुपये झाली. मुकादमाचे कमिशन एक टक्क्याने वाढून २० टक्क्यांवर गेले. कर्नाटकातील कारखान्यांचे दर निराळे ठरतात. बेळगाव, बागलकोट, विजयपूर या जिल्ह्यांकडे जाणाऱ्या टोळ्या बीडमध्ये पुष्कळ आहेत, त्याचे हे एक कारण.

दर सारखा असेल तर ठिकाणाने फरक कशाचा पडतो? तो पडतो दिवसाकाठी किती टन ऊस तुटतो आणि हंगाम किती दिवस चालतो, या दोन आकड्यांनी. ३६६ रुपयांच्या दराने हिशेब मांडून पाहावा. एका जोडीने रोज दोन टन ऊस तोडून भरला तर दिवसाची मजुरी ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. एक लाखाची उचल फिटायला या वेगाने जवळपास १३७ दिवस लागतात. तोड दीड टनावर आली तर तीच रक्कम फेडायला १८२ दिवस हवेत. एवढा हंगाम सहसा चालत नाही. अडीच टन साधले तर ११० दिवसांत जोडपे मोकळे होते. यात दर पंधरवड्याला किराणा-बाजारासाठी घेतलेली ‘खर्ची’ धरलेली नाही. ती नावावर चढतच असते. दवाखान्याचा खर्चही तसाच. अर्धा टन इकडे की तिकडे, यावर वर्ष ठरते ते असे.

हंगामाचे दिवस तर कोणाच्याच हातात नसतात. २०२१-२२ मध्ये राज्यात १३७ लाख टनांहून अधिक साखर झाली. मराठवाड्यात उभा ऊस संपता संपेना आणि काही कारखाने जूनपर्यंत चालले. त्या वर्षी मजुरांनी रणरणत्या उन्हात ऊस तोडला, पण दिवस भरपूर मिळाले. याउलट २०२४-२५ मध्ये उत्पादन आधीच्या वर्षीच्या सुमारे ११० लाख टनांवरून ८० लाख टनांच्या आसपास घसरले. विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत गाळप नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू झाले आणि बहुतेक कारखान्यांचा पट्टा मार्चअखेरपर्यंत पडला. साखरेचे भाव आणि शेतकऱ्याचे पेमेंट यांची चर्चा अशा वर्षी होते. तोडणाऱ्याचे बुडालेले दिवस कोणत्याही ताळेबंदात येत नाहीत. शंभर दिवसांच्या हंगामात रोज दोन टन तोडणाऱ्या जोडीची मजुरी होते ७३,२०० रुपये. लाखाची उचल असेल तर २६,८०० रुपये आणि वर खर्ची, एवढी बाकी घेऊनच ती जोडी परतते.

फडाची पारख

चांगल्या ठिकाणाची जुन्या गाडीवानांची व्याख्या साधी असते: ऊस जाड, फड जवळ, पाणी गोड. यातील प्रत्येक शब्दामागे हिशेब आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने वाढतो. तो जाड, वजनदार असतो. त्याची मोळी लवकर बांधून होते आणि काट्यावर वजन देते. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात असा ऊस अधिक. खोडवा बारीक निघतो. तेवढ्याच टनासाठी कोयता कितीतरी जास्त वेळा चालवावा लागतो. वादळवाऱ्याने लोळलेला ऊस तोडणे तर मजुराला नकोसे वाटते. ऊस आडवा-तिडवा पडलेला, पाचट ओले, साप-विंचवाची धास्ती आणि दिवसाअखेर टन-सव्वाटनाच्या पुढे मजल जात नाही. अशा फडासाठी शेतकऱ्याकडून वरकड पैसे मागितले जातात. त्यांना सोलापूर-पुणे भागात ‘खुशाली’ म्हणतात. वाहनचालक घेतात ती ‘एन्ट्री’. खुशालीवरून शेतकरी आणि टोळी यांच्यात दरवर्षी खटके उडतात. कारखाने परिपत्रके काढून असे पैसे न देण्याचे बजावतात, तरीही प्रथा चालू आहे. शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. मात्र सरळ आणि लोळलेल्या उसाला एकच दर ठेवला, तर ही मागणी थांबेल कशी, याचे उत्तर परिपत्रकात नसते.

वाहनाचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा. ‘डोकी सेंटर’वर मजूर ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत रचतात. फळीवरून मोळी घेऊन वर चढणे हे या कामातील सर्वांत जीवघेणे अंग, आणि ट्रक रात्री आला तर भरणीही रात्रीच. ‘गाडी सेंटर’वर मजुराची स्वतःची बैलजोडी असते. कारखान्याच्या टायरगाडीत ऊस भरून तो स्वतः गव्हाणीपर्यंत नेतो आणि तोडणीसह वाहतुकीचेही पैसे त्याला मिळतात. कमाई जास्त, पण बैलांची किंमत आणि जोखीम त्याच्याच माथी. अशा गाडीवानाला फड कारखान्यापासून किती दूर आहे आणि गाडीतळावर नंबर किती वेळाने लागतो, हे आधी पाहावे लागते. पहाटे फडात उतरलेला माणूस काट्याच्या रांगेत मध्यरात्रीपर्यंत अडकला, तर दुसऱ्या दिवशीची तोड निम्म्यावर येते. बैल आजारी पडला की साराच हिशेब कोलमडतो.

वाढ्यांचा विषय शहरातील वाचकाला किरकोळ वाटेल. वाढे म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. तो जनावरांचा चारा असून त्याच्या पेंढ्या बांधून विकण्याचा रिवाज आहे. दुधाची जनावरे भरपूर असलेल्या गावाजवळ टोळी उतरली तर रोजच्या भाजी-मिठाचा खर्च वाढ्यांवर निघतो आणि खर्ची कमी उचलावी लागते. दुष्काळी वर्षात वाढ्यांना भाव चढतो. म्हणजे घरी पाऊस पडला नाही की परमुलखात चार पैसे अधिक सुटतात, असा हा विचित्र मेळ आहे.

वजन काट्यावर होते आणि काटा कारखान्याचा. शेतकऱ्याला उसाचे पैसे आणि मजुराला तोडणीचे पैसे एकाच वजनावर मिळत असल्याने काटामारीच्या तक्रारीत दोघांचे हित एक असते. प्रत्यक्षात ते क्वचितच एकत्र येतात. चांगला मुकादम वजनाच्या पावत्या जपून ठेवतो आणि दर पंधरवड्याला त्या वाचून दाखवतो. वाईट मुकादमाचा हिशेब हंगाम संपल्यावर, एकदाच आणि तोंडी होतो. ठिकाण निवडताना गावातील अनुभवी माणसे कारखान्याच्या नावाइतकीच या एका गोष्टीची चौकशी करतात.

कोपीतील संसार

कामाचे ठिकाण हेच राहण्याचेही ठिकाण असते. कारखान्याजवळच्या तळावर किंवा शेताच्या कडेला चटया, पाचट, ताडपत्री यांच्या कोप्या उभ्या राहतात. पाणी किती लांब, अंघोळीला आडोसा आहे का, रात्री उजेड आहे का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही करारात नसतात. बाईचा दिवस पहाटे तीन-चारला चुलीपाशी सुरू होतो आणि रात्रीच्या भरणीनंतर संपतो. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ लागतो. त्यापोटी पाचशे रुपयांपर्यंत कापले जात असल्याचे २०१९ मध्ये गर्भाशय शस्त्रक्रियांच्या निमित्ताने पुढे आले. त्या वेळी विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतील १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळी, अंगावरचे दुखणे, बाळंतपण यांसाठी फडात रजा नसते. त्या रजेची किंमत शरीराने मोजली गेली, असाच या आकड्याचा अर्थ निघतो. खासगी रुग्णालयांनी भीती घालून केलेल्या शस्त्रक्रियांचा भाग त्यात होताच. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी शासकीय आरोग्य यंत्रणेची परवानगी घेण्याची अट आली.

मुलांचा प्रश्न ठिकाणाच्या निवडीत सर्वांत शेवटी येतो. हे कटू असले तरी खरे आहे. आजी-आजोबा धडधाकट असतील तर मुले गावी राहतात. त्यांच्यासाठी गावातच सहा महिन्यांची हंगामी वसतिगृहे चालविली जातात. काही कारखान्यांच्या तळावर साखरशाळा भरत आल्या आहेत. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांसाठी आणि मुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जागा असा तिचा आराखडा आहे. कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबापुढे भाषेची भिंत असते. तेथील शाळा कन्नड माध्यमाची, त्यामुळे मूल सोबत नेले की त्याचे वर्ष जवळपास बुडालेच. आईवडिलांबरोबर गेलेली मोठी मुलगी कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळते आणि पुढच्या हंगामात कोयता धरते, हा क्रम अद्याप थांबलेला नाही.

रेशनचा अडसर मात्र काही अंशी दूर झाला आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत जानेवारी २०२० पासून महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये आहेत. आधार जोडलेले कार्ड असेल तर धान्य परराज्यातील दुकानातूनही उचलता येते. दुकान तळापासून किती दूर आहे आणि अंगठा उमटतो की नाही, हे प्रश्न उरतातच. वर्षानुवर्षे कोयता धरलेल्या बोटांचे ठसे यंत्राला कित्येकदा ओळखू येत नाहीत.

नोंद नसलेला कामगार

मजुराची तक्रार ऐकणारे कार्यालय कोणते, हा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता. मजूर मुकादमाचा, मुकादम ठेकेदाराचा, ठेकेदार कारखान्याचा. त्यामुळे अपघात झाला की जबाबदारी एकमेकांवर ढकलली जाते. राज्यात ऊसतोड कामगारांची संख्या दहा लाखांच्या घरात सांगितली जाते, त्यांत बीडचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. या कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ स्थापन करण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला. २०२२ मध्ये पुण्यात त्याचे कार्यालय सुरू झाले. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये आणि शासनाने तेवढीच भर घालावी, अशी त्याच्या निधीची रचना आहे. ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून मिळणारे ओळखपत्र हा मजुराच्या हातातील जवळपास एकमेव कागद. गावातून निघण्यापूर्वी तो घ्यावा, असे संघटनांचे कार्यकर्ते सांगतात. कारण फडात पोहोचल्यावर तो मिळविण्याची सोय नाही.

मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. उचल फिटली नाही म्हणून मजुराला डांबून ठेवणे हा वेठबिगार निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसऱ्या बाजूने, दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन टोळ्या पसार झाल्याच्या आणि वाहतूक ठेकेदार कर्जबाजारी झाल्याच्या तक्रारीही पश्चिम महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांत दरवर्षी दाखल होतात. सारा व्यवहार तोंडी असल्याने कोणाची बाजू खरी, हे ठरविण्यास पुरावाच सापडत नाही. उचल बँकेमार्फत द्यावी आणि मजुराचे नाव कारखान्याच्या दफ्तरी चढवावे, ही मागणी जुनी आहे. यंत्रणेतील प्रत्येक दुवा तिला तोंडदेखला होकार देतो.

आता निवडीची कक्षाही आक्रसू लागली आहे. ऊसतोडणी यंत्रांच्या खरेदीसाठी २०२३ मध्ये राज्यात ९०० यंत्रांना अनुदान देण्याची योजना आली. किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. यंत्राला सलग, सपाट, रुंद सरीचे आणि कोरडे शेत लागते. म्हणजे ज्या फडात जोडी रोज अडीच टन तोडू शकत होती तोच फड आधी यंत्राकडे जातो. गुंठ्यांचे तुकडे, ओली रानं, लोळलेला ऊस तेवढा कोयत्यासाठी उरतो. काही तरुण कुटुंबे त्यामुळे पुणे, चाकण, संभाजीनगरकडे कारखानदारीत किंवा बांधकामावर जाऊ लागली आहेत. तेथे पैसे महिन्याला मिळतात, पण लाखाची उचल कोणी आधी हातावर ठेवत नाही.

बीड जिल्ह्यातही माजलगाव, केज, परळी, गेवराई या पट्ट्यांत कारखाने आहेत आणि पाऊसमान बरे झाले की घराजवळच काम मिळते. माजलगाव धरण आणि गोदावरीच्या कालव्यांखालील ऊस तोडायला बालाघाटातील टोळ्या येतात. रात्री-अपरात्री घरी जाता येते, म्हाताऱ्यांकडे लक्ष राहते. परंतु धरणात पाणी नसलेल्या वर्षी हे कारखाने लवकर बंद होतात किंवा सुरूच होत नाहीत. त्यामुळे उचलीच्या बोलाचालीत जवळच्या कारखान्याचे नाव सहसा शेवटी निघते. एप्रिलमध्ये हिशेब होतो. फिटलेल्यांना पुढच्या हंगामासाठी मुकादम बदलता येतो. ज्यांची बाकी फिरते त्यांना मागील मुकादमाकडेच, त्याच कारखान्यावर जावे लागते. नवीन उचलीतून जुनी बाकी आधीच वळती झालेली असते.